गरोदरपणी सुकट व वाळवलेले मांस

रावेर भागात उन्हाळा हा वाळवणाचा काळ. घरोघरी कुरडया-पापड होतात, तसेच पावसाळ्याच्या बेगमीसाठी सुकट व बोंबील घेऊन ठेवले जातात. मांस अधिक आले तर काही घरांत त्याच्या पट्ट्या मीठ लावून उन्हात टांगतात. मराठवाड्यात यांनाच चान्या म्हणतात. घरात गरोदर स्त्री असल्यास हे तिला द्यावे की नाही, असा प्रश्न निघतो.

सरसकट बंदी घालणे योग्य नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले, आणि मांसातील लोह शरीरात सहज शोषले जाते. मात्र एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. खारवल्याने व वाळवल्याने मांस टिकते, शिजत नाही. लिस्टेरिया नावाचे जंतू मिठाला सहसा दाद देत नाहीत. आईला साधा ताप येतो, परंतु गर्भपात होऊ शकतो. टोक्सोप्लाझ्मा हा परोपजीवी कच्च्या मांसात, तसेच मांजराच्या विष्ठेत असतो. गरोदरपणी त्याची प्रथमच लागण झाल्यास बाळाच्या मेंदूस व डोळ्यांस अपाय होण्याचा संभव असतो. पूर्ण शिजविल्याने दोन्ही मरतात.

म्हणून मांसाची पट्टी निखाऱ्यावर नुसती भाजून गरोदर स्त्रीस देऊ नये. ती बाहेरून करपते, आत कच्ची राहते. पट्ट्यांचे लहान तुकडे करून ते कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावे व ते पाणी टाकून द्यावे, म्हणजे मीठ उतरते. रक्तदाब वाढलेल्या स्त्रीच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे. नंतर ताज्या पाण्यात तुकडा मऊ होऊन आतपर्यंत शिजेतो उकळावे, व गरम असतानाच वाढावे. सुकटही धुऊन, भिजवून कालवणात चांगली उकळावी. ज्या विळीवर मांस चिरले, तिच्यावर न धुता कांदा-कोथिंबीर चिरू नये. शहरातून आणलेले सलामी, सॉसेज यांनाही हाच नियम. शीतपेटीतही लिस्टेरिया वाढतो.

शिजवूनही न सुधारणारे दोष निराळे. बुरशी आलेली, गुलाबी डाग पडलेली अथवा उग्र वासाची सुकट फेकून द्यावी. केळीवरील फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही घासला तरी साठवणीस वापरू नये. गरोदर स्त्रीस ताप आल्यास घरी वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, व तिने काय खाल्ले होते तेही डॉक्टरांना सांगावे.