कयाकने खांदेरीस जाताना

आमच्या चांदूर रेल्वेच्या मुलांस पूर ठाऊक असतो, भरती-ओहोटी मात्र पुस्तकातच भेटते. तेव्हा काही तरुणांनी कयाकने, म्हणजे दुतोंडी वल्ह्याने हाकावयाच्या चिंचोळ्या नावेने, अलिबागजवळच्या थळहून खांदेरी बेटावर जाण्याचा व भाल्याने मासे मारण्याचा बेत सांगितला, तेव्हा मी प्रथम पंचांग मागविले.

कोकणचा जुना आडाखा असा की, तिथीची पाऊणपट केली असता भरतीची वेळ ढोबळ मानाने निघते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. अर्थात सहाच्या सुमारास भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येस उधाण, म्हणून प्रवाह जोरकस. अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणून तो सौम्य. नवख्याने भांगच निवडावा. सकाळी उतरत्या पाण्याबरोबर निघावे, पाणी फिरताच परतावे; रेंगाळू नये. दुपारचा पश्चिमेचा वारा पाठीशी खरा, पण तो लाटाही उठवितो. नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण खात्याच्या कोष्टकातून घ्यावी. पावसाळ्यात हा विचारच नको.

भाला मात्र घरी ठेवावा. इकडचे पाणी गढूळ. हातभर अंतरावरचा मासा दिसेल तर शपथ! मालवणास पाणी निवळ, पण तेथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

१६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरी बांधावयास घेतली, तेव्हा इंग्रजांची मोठी जहाजे चुकवून मराठ्यांच्या लहान होड्या रात्री रसद पोचवीत. त्यांचे नावाडी तेथलेच होते. बेटावर उतरण्याच्या परवानगीची चौकशी आधी करावी, आणि थळचा कोळी ‘आज नको’ म्हणाला, तर पंचांग मिटून ठेवावे.