मुंग्यांमधून दिसलेलं अंतराळ

"आलं का?"
"आलं, आलं... गेलं!"

ऐंशीच्या दशकात श्रीपूरच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत रविवारची सकाळ अशी उजाडायची. दादा पत्र्यावर चढून अँटेनाचा पाइप फिरवायचा आणि मी दारात उभं राहून आतली खबर वर पोचवायचो. गळीत हंगाम सुरू असला की चिमणीची काजळी अँटेनाच्या दांड्यांवर बसलेली असायची. दादा खाली उतरला की त्याचे हात आणि आईचा चेहरा, दोन्ही बघण्यासारखे.

एवढं करून पडद्यावर मुंग्याच. त्या मुंग्यांमधूनच आम्ही दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' पाहिली. इंग्रजी कुणाच्या बापाला कळत होतं! मधल्या खुर्चीत बसतो तो साहेब, टोकदार कानांचा तो हुशार, एवढ्यावर आमचं भागायचं. यानातली माणसं एका चबुतऱ्यावर उभी राहायची, चकाकत विरघळायची आणि थेट दुसऱ्या ग्रहावर उगवायची. ती खरंच गेली की दादाचा हात हलला, यावरून आमची भांडणं व्हायची.

त्या विरघळण्यामागे विज्ञान कमी आणि हिशेबाची वही जास्त होती, हे फार पुढे कळलं. 8 सप्टेंबर 1966 रोजी अमेरिकेत एनबीसीवर सुरू झालेल्या या मालिकेत दर आठवड्याला अवाढव्य यान ग्रहावर उतरताना दाखवायचं तर खर्च परवडणार नव्हता. मग निर्माते जीन रॉडनबरी यांच्या मंडळींनी यान वरच ठेवलं आणि माणसंच खाली 'पाठवली'. ती चकाकी म्हणजे प्रकाशझोतात सोडलेली अ‍ॅल्युमिनियमची पूड. डॉक्टरांची काही उपकरणं तर मिठाच्या डब्या होत्या! तीन हंगाम आणि 79 भागांनंतर एनबीसीनं मालिका बंद केली. तिला खरं नाव मिळालं ते नंतर, गावोगावच्या छोट्या वाहिन्यांवरच्या पुनःप्रक्षेपणांतून.

तिकडे इंग्लंडात बीबीसीची तऱ्हा याहून काटकसरीची. 'डॉक्टर हू'चा पहिला भाग 23 नोव्हेंबर 1963 ला लागला, म्हणजे केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी. लोकांचं लक्ष कुठलं असणार? पुढच्या शनिवारी तो भाग पुन्हा दाखवावा लागला. त्याचे दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौला जन्मलेले आणि तेव्हा अवघे 24 वर्षांचे. या मालिकेतलं कालयान निघताना जो घरघरता, दम लागल्यासारखा आवाज येतो, तो ब्रायन हॉजसन यांनी घराची किल्ली पियानोच्या जाड तारेवर घासून काढला. मग ध्वनिफितीवर त्याला आणखी वळणं दिली. विल्यम हार्टनेल हा मुख्य नट आजारी राहू लागला, तेव्हा 1966 मध्ये नायकच देह बदलतो अशी युक्ती निघाली. तिच्याच जोरावर मालिका पुढची कित्येक दशकं नट बदलत राहिली.

या काटकसरीचा एक तोटाही झाला. चित्रफिती महाग, म्हणून जुन्या पुसून त्यांवर नवं चित्रण. 'डॉक्टर हू'चे नव्वदहून अधिक भाग त्यात गेले. 1961 ची बीबीसीची 'ए फॉर अँड्रोमेडा' तर जवळपास सगळीच गेली. सात भागांपैकी पुरता असा एकच उरला. मला ही हळहळ जास्त, कारण तिचे एक लेखक होते खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल. दूरच्या ताऱ्यांकडून रेडिओ दुर्बिणीला संदेश येतो आणि त्यात एक संगणक बांधायची कृती असते, अशी ती गोष्ट. त्या वेळी केंब्रिजमध्ये हॉइल यांच्या हाताखाली संशोधन करत होते आपले कोल्हापूरचे जयंत नारळीकर. पुढे त्यांनी स्वतः मराठीत विज्ञानकथा लिहिल्या आणि नव्वदच्या दशकात 'ब्रह्मांड' ही मालिका घेऊन दूरदर्शनवरही आले. विश्व समजावून सांगावं आणि गोष्टही सांगावी, हे घराणं गुरूपासून चालत आलेलं.

दूरदर्शननं नुसतं उसनंच दाखवलं असं नाही. 1989 च्या सुमारास 'स्पेस सिटी सिग्मा' आली आणि त्याच सुमारास वेळेच्या प्रवासाची 'इंद्रधनुष'. मग 1998 मध्ये केतन मेहतांचा 'कॅप्टन व्योम', मिलिंद सोमणसह. 'सिग्मा'चा खलनायक झकाकू आमच्या कॉलनीत इतका शिरला, की कारखान्याच्या भोंग्याच्या वेळी ओरडणाऱ्या एका काकांना तेच नाव पडलं.

अलीकडे 'स्टार ट्रेक'चे ते भाग स्वच्छ, धुऊन काढल्यासारख्या प्रतीत पाहिले. परग्रहावरचे खडक खोटे, हे लगेच दिसतं. रंगाचा हात कुठे कमी बसलाय तेही दिसतं. दादाला व्हिडिओ कॉलवर म्हटलं, "बघ, सगळा सेट आहे." तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आपल्याकडं नव्हता दिसत."