तिथीवर ठरणारं मैदान

रेवसला वाळू नाही. अलिबाग तालुका म्हटलं की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढं पुळण येते, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं. धरमतर खाडीच्या तोंडाशी असलेल्या या बंदरात उतरलं की आजूबाजूला खारफुटी आणि गाळ, समोर पाण्यापलीकडे उरण तालुक्यातलं करंजा. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून इकडे येणारी रामदास बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली, आणि त्या दुर्घटनेनं रेवसचं नाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झालं. आजही बाहेरगावी रेवस म्हटलं की जुन्या माणसांना तेच आठवतं. मला मात्र रेवस आणि तिथून अलिबागपर्यंतचा पट्टा सांगायचा आहे तो इथल्या खेळाच्या जागांसाठी.

मुंबई-पुण्यात टेनिस खेळायचं तर कोर्ट हवं. २३.७७ मीटर लांब, दुहेरीसाठी १०.९७ मीटर रुंद, भोवती उंच जाळी, आणि बहुतेक ठिकाणी सभासदत्व नाहीतर तासाचे पैसे. या पट्ट्यातल्या गावांत टेनिसचा चेंडू घरोघरी पोचला, रॅकेट काही पोचली नाही. चेंडूला बॅट मिळाली आणि टेनिस क्रिकेट हा रायगडचा खेळ झाला. कारण साधं आहे. टेनिसचा चेंडू ५६ ते ५९ ग्रॅमचा, क्रिकेटचा लेदर १६० ग्रॅमच्या आसपास. स्पर्धांत टेनिसचाही जरा जड चेंडू वापरतात, तरी पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट यांवाचून अडत नाही. एक बॅट आणि एक चेंडू यांवर अख्खी आळी खेळते.

पण जागा? रेवसकडच्या खारेपाटात भाताचं एकच पीक. दिवाळीच्या पुढंमागं कापणी, झोडणी उरकली की शेतं थेट पावसाळ्यापर्यंत मोकळी. मग पोरं फावडी घेऊन उतरतात. धसकटं उपटायची, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, रोलर मिळाला तर फिरवायचा, नाहीतर पायांनी तुडवून जमीन बसवायची. वाळली की फक्की मारून क्रीज आखायची. बांध हीच सीमारेषा. खाऱ्या मातीची खेळपट्टी उन्हानं तडकते आणि भेगेवर पडलेला चेंडू कुठं वळेल याचा नेम नसतो. इथले फलंदाज पुढं सरसावून टप्पा पडायच्या आतच चेंडू उचलतात, ते याचमुळं असावं. जमीनमालक आडवा येत नाही, कारण त्याचा मुलगा किंवा पुतण्या संघात असतोच. गावोगावच्या मंडळांचे चषक याच शेतांत होतात. मंडप, माइकवरचं समालोचन, आणि अलीकडे यूट्यूबवर थेट प्रक्षेपणसुद्धा. मुलींच्या वाट्याला मात्र ही शेतं फारशी येत नाहीत, आणि ते मला खटकतं.

रेवसहून मांडव्याकडे वळलं की वाळू सुरू होते. मांडवा, सासवणे, आवास, किहीम, थळ, वरसोली आणि मग अलिबाग. इथलं मैदान समुद्र देतो, आणि तोच परत घेतो. कोरड्या वाळूत चेंडू मरतो. पाणी नुकतंच उतरलेली, पाय न रुतणारी ओली पट्टी तेवढी खेळायला बरी. चेंडूची लव पाणी पिते, तो जड होतो. मग गोलंदाज तो दाबून पिळतो, चड्डीला पुसतो आणि पुन्हा धावत येतो. समुद्रात मारला तर फलंदाज बाद, कारण लाटेतून चेंडू आणण्यात डाव अडतो.

ही पट्टी कधी मिळणार, हे पंचांग सांगतं. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे. पंधरवड्यातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. येईल त्या आकड्याला भरती पूर्ण. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. तिथून सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे पाणी उतरतं ते सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास, उन्हाचा ताप नसताना. शिवाय ते उधाणाचे दिवस. पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब ओसरतं, आणि पंधरवड्यातलं सर्वांत मोठं मैदान नेमकं खेळायच्या वेळेला हाती येतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. पाणी फारसं हटत नाही, आणि ओहोटी येते ती भर दुपारी. अलिबागला ओहोटीत लोक कुलाबा किल्ल्यात चालत जातात. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये ज्याचं काम सुरू केलं आणि पुढं जे आंग्रे आरमाराचं ठाणं झालं, त्या किल्ल्याच्या वाटेशेजारी स्टंप रोवलेले असतात.

या मैदानांना ना कुंपण, ना फी, ना कागद. कागद नसणं हीच आता काळजीची गोष्ट आहे. माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासून ज्याची चर्चा होती, तो रेवस-करंजा पूल आता खरोखर हाती घेतला गेला आहे. मुंबईहून उरणकडे येणारा अटल सेतू तर जानेवारी २०२४ मध्येच खुला झाला. आता रेवसचा पूल पुरा झाला की मुंबईची गाडी उरणमार्गे थेट रेवसला उतरेल. पूल हवाच. वडखळचा वळसा वाचेल, आजारी माणूस वेळेत दवाखान्यात पोचेल. पण शेतांचे प्लॉट पडू लागलेत, आणि जिथं बांध सीमारेषा होता तिथं चिऱ्याचं कंपाउंड उभं राहतं. ग्रामपंचायतींनी गुरचरणातला निदान एक तुकडा क्रीडांगण म्हणून आत्ताच सातबाऱ्यावर चढवून घ्यावा. जमिनीचे भाव आणखी चढले की हे कोणी करू देणार नाही.

पाहायला यायचं तर जानेवारी ते मार्च हे दिवस चांगले. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच किंवा मांडव्याची रो-रो घ्यावी. शेतातले सामने पाहायचे असतील तर रविवार गाठावा. किनाऱ्यावरचे पाहायचे असतील तर आधी कालनिर्णय उघडावं, आणि रविवारी अष्टमी असेल तर पुढच्या आठवड्यात यावं.