पोत्सुओलीचे तीन खांब

किनाऱ्यावरच्या जुन्या पायऱ्या पाण्याखाली गेलेल्या दिसल्या तर काय समजायचे? समुद्र वर चढला की जमीन खाली गेली? काठावर उभे राहून पाहणाऱ्याला दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो. भूगोलाच्या तासाला हा प्रश्न मुलांपुढे ठेवायचा असेल, तर इटलीतील पोत्सुओलीइतके चांगले उदाहरण मिळणे कठीण.

नेपल्सच्या पश्चिमेला, भूमध्य समुद्राच्या काठी हे गाव आहे. इ.स.पू. 194 मध्ये रोमनांनी येथे वसाहत केली. तेव्हाचे त्याचे नाव पुतेओली. इजिप्तचा गहू याच बंदरात उतरत असे. येथील ज्वालामुखीय राख चुन्यात मिसळली की ती पाण्याखालीही घट्ट होते, हे रोमन गवंड्यांना ठाऊक होते. ‘पोझोलाना’ हा शब्द या गावाच्याच नावावरून आला. आपल्याकडच्या सिमेंटच्या पिशवीवर ‘पोर्टलँड पोझोलाना’ असे छापलेले असते, ते मुलांना जरूर दाखवावे.

बंदरापासून थोड्याच अंतरावर, आजूबाजूच्या रस्त्यांपेक्षा खोलगट जागी, सुमारे 1900 वर्षांपूर्वीच्या मंडईचे अवशेष आहेत. 1750 मध्ये येथे उत्खनन झाले तेव्हा सेरापिस या देवाची मूर्ती सापडली. त्यामुळे ‘सेरापिसचे मंदिर’ असे चुकीचे नाव पडले आणि ते दीर्घकाळ टिकले. आज येथे संगमरवराचे तीन उंच खांब उभे आहेत. आम्ही तेथे गेलो तेव्हा इतर पर्यटकांप्रमाणे आमचीही नजर आधी खांबांच्या टोकाकडे गेली. पण पाहण्यासारखी गोष्ट मध्यावर आहे.

खांबाचा खालचा सुमारे 12 फुटांचा भाग गुळगुळीत आहे. त्यावरचा सुमारे 9 फुटांचा पट्टा भोकांनी भरलेला आहे. त्याच्या वर पुन्हा भोके नाहीत. ही भोके लिथोफागा नावाच्या शिंपल्याची. हा प्राणी चुनखडीत किंवा संगमरवरात आम्लधर्मी स्राव सोडून घर करतो. त्याचा स्वतःचा शिंपलाही कॅल्शियम कार्बोनेटचाच, पण त्यावर संरक्षक आवरण असते, म्हणून तो विरघळत नाही. हा प्राणी फक्त समुद्राच्या पाण्यात जगतो आणि त्याची वाढ फार सावकाश होते. म्हणजे हे खांब त्या पट्ट्याच्या उंचीपर्यंत दीर्घकाळ समुद्रात बुडालेले होते. मग खालचा भाग कसा वाचला? तो गाळात आणि ज्वालामुखीय राखेत गाडला गेला होता. शिंपल्याला तेथे पोहोचताच आले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बाजार कोणी पाण्यात बांधत नाही. तो कोरड्या जमिनीवर बांधला, नंतर सहा मीटरांहून अधिक बुडाला आणि पुन्हा वर आला. समुद्र इतका चढला असता, तर भूमध्य समुद्राच्या काठची सगळीच बंदरे बुडायला हवी होती, कारण पाणी आपली पातळी सगळीकडे सारखी राखते. तसे काही घडलेले नाही. तेव्हा हलली ती पोत्सुओलीची जमीन. चार्ल्स लायेल हे भूवैज्ञानिक 1828 मध्ये येथे आले होते. 1830 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’ या ग्रंथाच्या आरंभीच त्यांनी या खांबांचे चित्र दिले. माणसाच्या लिखित इतिहासाच्या काळातच जमीन खाली-वर होते, आणि तीही खांब उभे राहावेत इतक्या सावकाश, याचा हा पुरावा होता.

पोत्सुओली एका प्रचंड ज्वालामुखीय कुंडाच्या मध्यावर वसले आहे. कांपी फ्लेग्रेई हे त्याचे नाव. त्याचा व्यास बारा किलोमीटरांहून जास्त आहे. खोलवरचा शिलारस, तप्त पाणी आणि वायू यांचा दाब वाढला की जमीन फुगते, कमी झाला की बसते. 1538 मध्ये जमीन उचलली गेली, समुद्र मागे हटला आणि सप्टेंबरअखेर स्फोट होऊन काही दिवसांतच मोंते नुओवो, म्हणजे ‘नवा डोंगर’, उभा राहिला.

मात्र जमीन उचलली गेली की स्फोट होतोच, असे नाही. 1970 च्या मार्चमध्ये रियोने तेर्रा ही गावाची जुनी वस्ती रिकामी करण्यात आली. 1982 ते 1984 या काळात जमीन सुमारे 1.8 मीटर वर आली, बंदर मोठ्या बोटींना उथळ पडले आणि सुमारे चाळीस हजार लोकांना घरे सोडावी लागली. स्फोट झाला नाही. जमीन पुन्हा बसू लागली. 2005 पासून ती परत उचलली जात आहे. 20 मे 2024 रोजी येथे 4.4 तीव्रतेचा भूकंप झाला.

येथे वैज्ञानिकांची खरी कसोटी लागते. इशारा दिला आणि काही झाले नाही, तर हजारो संसार उगाच उठले असे होते. दिला नाही आणि झाले, तर त्याची भरपाई नाही. म्हणूनच तेथे जमिनीची उंची, भूकंप आणि बाहेर पडणारे वायू यांची अखंड नोंद ठेवली जाते.

वर्गात हे समजावण्यासाठी दोन प्रयोग करता येतील. पहिल्यासाठी संगमरवरी फरशीचा तुकडा किंवा अंड्याचे कवच व्हिनेगरमध्ये टाकावे आणि बुडबुडे पाहावेत. फळ्यावरचा खडू नको, तो बहुधा जिप्समचा असतो. दुसऱ्यासाठी पसरट परातीत दोन विटा उभ्या करून पाणी ओतावे आणि दोन्हींवर पाण्याची रेघ आखावी. आधी आणखी पाणी ओतावे. मग एका विटेखाली लाकडाची चीप सरकवावी. प्रत्येक वेळी कोणत्या विटेवरची रेघ पाण्याच्या पातळीपासून हलली, ते मुलांना टिपू द्यावे. लायेल यांचा तर्क त्यांना मग वेगळा सांगावा लागणार नाही.