बंदिस्त नेमबाजी-कक्षातील शिशाची धूळ : निदानपरिवर्जनाचा एक वस्तुपाठ

नाग म्हणजे शिसे. हा धातू वैद्यांस नवा नाही. रसशास्त्राने त्याची गणना पूतिलोहात केली असून शोधन-मारणाखेरीज त्याचा औषधात उपयोग करू नये, असा दंडक घातला आहे. परंतु कोणताही संस्कार न झालेले हेच शिसे श्वासावाटे दररोज थोडे थोडे शरीरात जात राहिले तर काय होईल? बंदिस्त नेमबाजी-कक्षात असा प्रसंग येतो. २०१० मध्ये तेजस्विनी सावंत यांनी जागतिक अजिंक्यपद मिळविले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक जिंकले. या दोन्ही कोल्हापूरकरांच्या यशाने महाराष्ट्रात हा खेळ घरोघरी परिचित झाला आहे. त्यामुळे नेमबाज, प्रशिक्षक वा सराव करणारा पोलीस कर्मचारी आपल्या चिकित्सालयात येणे अशक्य नाही.

शिसे हवेत कसे येते?

काडतुसाच्या बुडाशी असलेल्या स्फोटक टोपीत बहुधा लेड स्टिफ्नेट हे शिशाचे संयुग असते. चाप ओढताच ते जळून त्याचा धूर नेमबाजाच्या चेहऱ्याजवळच बाहेर पडतो. तप्त वायूमुळे गोळीच्या उघड्या बुडातील शिशाची वाफ होते, नळीच्या घर्षणाने कण सुटतात आणि पोलादी अडसरावर आदळून गोळीचा चुरा होतो. १० मीटर एअर रायफलमध्ये स्फोटक नसल्याने हवेतील शिसे पुष्कळ कमी असते. तथापि तिचे छर्रे बहुधा शिशाचेच असल्याने हात माखतातच.

धोका केवळ नेमबाजास नसतो. दिवसभर कक्षात उभा राहणारा प्रशिक्षक, रिकामी काडतुसे वेचणारा मदतनीस आणि झाडलोट करणारा कामगार यांस तो अधिक असतो. कपडे व पादत्राणे यांवरून ही धूळ घरी पोहोचते आणि लहान मुलांच्या पोटात जाते. प्रौढांच्या तुलनेत मुलांच्या आतड्यांतून शिसे कितीतरी अधिक शोषले जाते.

प्रतिबंधाचे उपाय

अमेरिकेच्या ‘नायॉश’ या व्यवसाय-आरोग्य संस्थेने याविषयी स्पष्ट मार्गदर्शन केले आहे. हवा नेमबाजाच्या पाठीमागून संपूर्ण भिंतीच्या रुंदीने, छतापासून जमिनीपर्यंत सारखी यावी. गोळीबाराच्या रेषेवर तिचा वेग मिनिटास सुमारे ७५ फूट असावा आणि ती लक्ष्याच्या दिशेने वाहत जावी. आत येणाऱ्या हवेपेक्षा बाहेर काढलेली हवा काहीशी अधिक असावी, म्हणजे धूळ शेजारच्या खोल्यांत शिरत नाही. साधे छताचे पंखे येथे अपायकारक ठरतात. त्यांनी उठणाऱ्या भोवऱ्यांमुळे धूर पुन्हा तोंडाकडे येतो.

केरसुणीने कोरडे झाडणे पूर्णतः वर्ज्य समजावे. ओल्या पोछ्याने अथवा अतिसूक्ष्म गाळणी असलेल्या यंत्राने सफाई करावी. कक्षात खाणे, पिणे, तंबाखू व धूम्रपान नसावे. बाहेर पडताच साबणाने हात व तोंड धुवावे, कपडे बदलावेत व ते वेगळे धुवावेत. शिसेविरहित टोपीची आणि पूर्ण आवरणाची गोळी वापरल्यास दोषाचे मूळच क्षीण होते.

अमेरिकेच्या १९७८ च्या नियमानुसार कामाच्या आठ तासांत हवेतील शिशाची सरासरी घनमीटरला ५० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये. कॅलिफोर्नियाने २०२५ पासून ही मर्यादा १० वर आणली. पूर्वीची मर्यादा पुरेशी संरक्षक नाही, हाच याचा अर्थ.

चिकित्सकाचे कर्तव्य

कोष्ठशूल, मलावरोध, पांडुता, थकवा, चिडचिड, सांधेदुखी, रक्तदाबवृद्धी, मनगटाचे दौर्बल्य ही लक्षणे एकत्र आढळल्यास रुग्णास व्यवसाय व छंद दोन्ही विचारावेत. शंका येताच रक्तातील शिशाची तपासणी करवून घ्यावी. डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम वा त्याहून अधिक शिसे असल्यास अमेरिकेत ते वाढलेले मानतात. प्रमाण बरेच वाढलेले असल्यास, तसेच मूल वा गर्भिणी असल्यास, तज्ज्ञ रुग्णालयाकडे पाठविण्यास विलंब करू नये. अशा रुग्णास नागभस्म, त्रिवंगभस्म वा वसंतकुसुमाकर यांसारखे नागयुक्त कल्प देऊ नयेत.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. संपर्क चालू असताना केवळ रक्तातील प्रमाण खाली ठेवण्यासाठी शिसे बाहेर काढणारी औषधे देत राहण्यास अमेरिकी नियम मनाई करतो. हाच न्याय आपल्या शोधन-चिकित्सेसही लागू आहे. धुळीत उभे राहणाऱ्यास पंचकर्माचा दिलासा देणे म्हणजे गळक्या छपराखाली पाणी उपसत बसणे होय. अस्थींत साठलेले शिसे तर अनेक वर्षे सावकाश रक्तात उतरत राहते. आहारात लोह व कॅल्शियम पुरेसे असावे. त्यांच्या अभावी शिशाचे शोषण वाढते.

आपल्या औषधशाळेकडेही पाहावे

औषधनिर्मात्यांस हा विषय परका वाटू नये. नागाचे जारण करताना उठणारा धूर, खलातील मर्दन, कोरडे चाळणे व झाडलोट यांतून तेच कण कामगाराच्या श्वासात जातात. २००४ मध्ये बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्यानंतर २००६ पासून निर्यातीच्या केवळ वनस्पतिज औषधांची तपासणी केंद्राने बंधनकारक केली. औषधाची तपासणी आवश्यकच आहे. परंतु ते घडविणाऱ्या हातांची तपासणी किती ठिकाणी होते? धूर ओढून नेणारी नलिका, बंदिस्त खल, ओली सफाई, वेगळे कपडे आणि कामगारांची नियमित रक्तपरीक्षा यांचा आरंभ प्रत्येक औषधशाळेने करावा. निदानपरिवर्जन रुग्णास सांगण्यापूर्वी ते आपल्या छपराखाली आचरणात आणणे, हे वैद्यधर्मास साजेसे होय.