गिअरचा खटका
डोंगरी सायकलच्या हॅंडलवर अंगठ्याखाली येणारा गिअरचा खटका एके दिवशी नुसताच पोकळ दाबला जाऊ लागला आणि साखळी जागची हलेना, की तो कायमचा निकामी झाला असे समजून नवा आणण्याची घाई पुष्कळजण करतात. परंतु कित्येकदा आत मोडलेले असे काहीच नसते. खटक्याच्या उदरात एक दातेरी चक्र असते, आणि त्याच्या दात्यांत अडकून तारेचा ताण टप्प्याटप्प्याने धरून ठेवणारी, सायकलवाले ज्यांना कुत्री म्हणतात अशी, इवलीशी पोलादी अंगे असतात; कारखान्यात भरलेले ग्रीस कालांतराने घट्ट झाले, म्हणजे त्यांच्यामागची स्प्रिंग दुबळी ठरते आणि ती दात्यांना धरीनाशी होतात. अशा वेळी वरचे आच्छादन काढून आत पातळ तेल सोडावे व खटका सावकाश चालवीत राहावे. काळवंडलेले ग्रीस पाझरू लागते, आणि हरवलेला तो स्पष्ट ‘टक्’ पुन्हा ऐकू येतो, त्याचे समाधान काही निराळेच. सबंध यंत्र खोलण्याचा मोह मात्र आवरावा, कारण स्प्रिंगा एकदा उसळल्या की मूळ रचना जुळवणे महाजिकिरीचे.

दाता खरोखरच तुटला असेल, तर बदलीवाचून गत्यंतर नाही. तेथे मागील चक्रांची संख्या जुळली एवढ्यावरच खातरजमा झाली असे मानू नये; एका टप्प्याला किती तार ओढायची याचे प्रमाण शिमानो आणि स्रॅम या कंपन्यांचे बहुधा भिन्न असते, म्हणून खटका, साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या डिरेलरबरहुकूमच घ्यावा. नवी तार, साखळी सर्वांत लहान चक्रावर ठेवूनच कसावी.