लाल डागाचा माग

गोडादऱ्यात महाराणा प्रताप चौकाच्या आतल्या अंगाला, दुचाकींच्या दाटीत, एक लांबलचक फिकट निळी शेव्हरोले इम्पाला उभी असते. नवखा माणूस तिच्यापाशी थबकला नाही तरच नवल. आमच्या खानदेशी शेजाऱ्यांच्या वडिलांनी एका शेठजींची ही 1964 सालची गाडी अनेक वर्षे चालविली. शेठजींच्या पश्चात त्यांच्या मुलांनी ती चालकाच्याच स्वाधीन केली. आता वडीलही नाहीत. गाडीला मात्र लग्नसराईत वरातीसाठी मागणी असते, आणि त्या भाड्यावर घरातील धाकटीचे शिक्षण चालते.

ऐन वैशाखाच्या तोंडावर गाडीखाली लाल तेलाचा डाग दिसू लागला. एका गॅरेजवाल्याने वाकून पाहिले, बोटाला तेल लावून हुंगले आणि निकाल दिला, की गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून मुलांनी भंगारवाल्याची भाषा सुरू केली. आई काहीच बोलल्या नाहीत. पण त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, हे आम्हांस मागाहून कळले.

या गाडीस क्लच नाही. तिचा ‘पॉवरग्लाइड’ गिअरबॉक्स दोनच गतींचा आणि स्वयंचलित आहे. साध्या गिअरबॉक्समध्ये तेलाचे काम केवळ वंगणाचे. येथे मात्र इंजिनाची शक्ती चाकांकडे नेणारे तेलच असते. ते कमी झाले की पंप हवा ओढू लागतो, आतील पट्टे व चकत्या घसरतात आणि जळतात. म्हणून अशा गाडीची गळती अंगावर काढता येत नाही. इंजिनाच्या तेलापासून हे निराळे ओळखू यावे यासाठी त्यात लाल रंग घालतात. (या तेलात एके काळी देवमाशाची चरबी घालीत, हे सांगितल्यास आमच्या शाकाहारी वाचकांस दचकायला होईल, 1970 च्या दशकात ती प्रथा बंद पडली.)

अखेर एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक वृद्ध मिस्त्री आले. ते म्हणाले, “वहिनी, आधी हिला आंघोळ घालू. रोग मग पाहू.”

त्यांनी गाडीचे पोट रॉकेलने धुऊन कोरडे केले, त्यावर अंगाला लावायची पांढरी पावडर भुरभुरली आणि खाली जुनी वर्तमानपत्रे अंथरली. ठिबकण्याची जागा ही गळण्याची जागा नव्हे, हे त्यांचे पहिले सूत्र. तेल खाली उतरते, आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकलले जाते. तेव्हा ओलाव्याचे सर्वांत वरचे आणि सर्वांत पुढचे टोक शोधावे.

गिअरबॉक्सच्या गळतीची ठिकाणे त्यांनी आम्हांस बोटाने दाखविली. खालच्या चेंबरचे गॅस्केट, मागच्या दांड्याचे सील, गिअर बदलण्याच्या दांडीचे सील, रेडिएटरकडे जाणाऱ्या नळ्या. सर्वांत खर्चिक म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरमागचे पुढचे सील. गिअरबॉक्स खरोखर उतरवावा लागतो तो त्यासाठीच. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत कन्व्हर्टरमधले तेल खाली उतरून चेंबरची पातळी वाढते व दांडीच्या सीलमधून पाझरते. ही गाडी चालू लागली की ते थांबतेही. आणि एक गळती तर जमिनीवर दिसतच नाही. व्हॅक्यूम मॉड्युलेटरचा पडदा फाटला, की इंजिन ते तेल ओढून जाळते आणि मागे पांढरा धूर सोडते. रेडिएटरच्या आतली नळी फुटली, तर तेलात पाणी शिरून ते गुलाबी दुधासारखे दिसते. त्या पाण्याने चकत्यांवरचे अस्तर सुटते. पावसाळ्यात मिठी खाडीचे पाणी गल्लीत शिरते त्या भागातील गाडीवाल्यांनी हा रंग ध्यानात ठेवावा.

प्रत्यक्ष प्रकार मात्र निराळाच निघाला. आठ दिवस मिस्त्रींनी, इंजिन गरम व चालू असताना, डिपस्टिक पाहिली. डाग रोज पडत होता, पण गिअरबॉक्सची पातळी तसूभरही उतरली नाही! जेथून तेल गळते तेथे ते कमी व्हायला नको काय? मग त्यांनी पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचे झाकण उघडले. तेथे तेल तळाला गेले होते. त्या काळच्या या गाड्यांत स्टिअरिंगलाही हेच लाल तेल घालीत. मुलाने स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरविले, आणि पांढऱ्या पावडरीवर एक लाल रेघ उमटली. दाबाची रबरी नळी तडकली होती; तिचे तेल आडव्या दांड्यावरून वाहत गिअरबॉक्सच्या पोटाशी जमत होते.

गॅरेजवाल्याची लबाडी होती असे आम्ही म्हणणार नाही. लाल तेल, मध्यभागी डाग, त्यावरून तसे वाटणे स्वाभाविक आहे. आठ दिवस थांबण्याची सवड त्याला नसावी, इतकेच.

नळी सुरतेतच बनवून मिळाली. पुढच्या आठवड्यात डिंडोलीची एक वरात ठरलेली होती. गाडी निघाली तेव्हा आई ओट्यावर आल्या, आणि ती वळणाआड गेल्यावर त्यांनी खाली वाकून मोकळ्या फरशीवरचे वर्तमानपत्र उचलले. ते कोरडे होते.